क्लच जड झालाय

भास्करदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच मोटरसायकलवर होते. हर्सूलच्या सिग्नलला, क्लच दाबून उभी. पर्समध्ये फोन वाजायला लागला आणि या वेळी घरून फोन म्हणजे काय, ते मला कळलं. हिरवा दिवा लागला, मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी माझा डावा हात काही सुटेना... त्याला आता महिना उलटून गेला.

दादा माझा थोरला भाऊ. चितेगावला एका कारखान्यात फिटर. रोज सकाळी फुलंब्रीहून आम्ही दोघं निघायचो. मला शहरात पतसंस्थेत सोडून तो पैठण रोडला लागायचा. गाडीला कुणाचा हात लागलेला त्याला खपायचा नाही. क्लच तर तो स्वतःच सेट करायचा. हँडलजवळचा छोटा नट जरासा फिरवायचा, लिव्हर दाबून बघायचा, पुन्हा फिरवायचा. जेवढा वेळ स्वतःच्या आंघोळीला दिला नाही तेवढा त्यानं त्या नटाला दिला असेल.

मागच्या उन्हाळ्यात तो म्हणू लागला, "क्लच लई जड झालाय गं." वायर बदलली, तरी जडच. मग त्यानं वायर इतकी ताणून घेतली की लिव्हर थोडी दाबली तरी भागावं. पण त्यामुळं क्लच पुरता बसेना. चौक्याच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी मात्र रांगायची, आणि जळका वास यायचा. प्लेटा जळाल्या. नव्या टाकल्या, त्याही जळाल्या. "नाचता येईना अंगण वाकडं," मी मागून चिडवलं. तो हसला आणि डावा हात मांडीवर घासत राहिला.

एका रविवारी तो दारात नटाशी झटत होता. "आण इकडं," म्हणून मी लिव्हर धरली. दोन बोटांनी ती आत गेली, लोण्यात जावी तशी. दादा माझ्या बोटांकडं बघत राहिला. मग त्यानं स्वतःचा डावा पंजा उलटसुलट करून पाहिला. अंगठ्याखालचं मांस पार बसलं होतं. "आईला नको सांगू," एवढंच म्हणाला.

पण अशी गोष्ट किती दिवस झाकणार? डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला, बरा न होणारा. घराण्यात आधी कुणाला होता का, असंही विचारलं.  परतताना रिक्षात आई हळूच म्हणाली, "तुमच्या काकाच्या हातून तांब्या पडायचा. आम्ही त्याला वेंधळा म्हणायचो..." मी मांडीवरचा माझा डावा पंजा उलटून पाहिला.

मग चावी माझ्याकडं आली. दादा मागं बसून मला गाडी शिकवू लागला. "नट आता तूच फिरव. तुझ्या हाताला बसंल तसा ठेव," म्हणाला. नट त्याच्या चिमटीत राहत नव्हता. पुढं उजवा हात गेला, बोलणं गेलं, मग श्वासही पुरेना. मला भयंकर राग यायचा, पण कुणावर काढावा ते कळायचं नाही.

आता रोज निघण्याआधी मी क्लच दाबून बघते. त्याची सवय मला लागली, असं आईला सांगितलंय. परवा तो जड लागला. पुन्हा दाबला, पुन्हा जड. आत जाऊन आईला हाक मारली. ती पिठाचे हात पुसत बाहेर आली.

"हे दाब जरा."

कशाला, ते तिनं विचारलं नाही. आधी माझ्या हाताकडं पाहिलं, मग लिव्हर दाबली.

"जड हाय की," ती म्हणाली. "वायर सुकली असंल. तेल सोड."

मी तेल सोडलं आणि निघाले. आई खरं बोलली का, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.