तीन आरसे आणि एक टब

परवा माझ्या नातीने तिची जुनी गिटार मोबाइलवर लिलावाला लावली. आठवडाभर ती दर थोड्या वेळाने फोन उघडायची, तोंड पाडायची आणि पुन्हा बंद करायची. एवढी चांगली गिटार, कुणी बोली का लावत नाही, हे तिला कळेना. मी म्हटलं, बाई गं, तुझ्या वयाची असताना मी शहरात, सदर भागातल्या लिलावात गेले होते, आणि मला तर अजूनही कळलेलं नाही. मग तिने फोन बाजूला ठेवला आणि मला सगळं सांगावं लागलं.

तेव्हा आम्ही खापरखेड्याच्या कॉलनीत राहायचो. नवऱ्याची वीजकेंद्रात पाळीची नोकरी. दोन खोल्यांचं क्वार्टर, त्यात आम्ही दोघं, सासूबाई आणि माझं ड्रेसिंग टेबल. या चौघांत सगळ्यात जास्त जागा टेबलाची होती. सागवानी, तीन आरशांचं, माझ्या वडिलांनी लग्नात दिलेलं. त्यात मी तीन बाजूंनी दिसायचे आणि तिन्ही बाजूंनी मला आवडायचे. स्वतःबद्दलचं माझं मत त्या काळी फारच चांगलं होतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी चक्कर येऊन चुलीजवळ पडले होते. आमच्या खोल्यांचा स्लॅब दिवसभर तापायचा आणि रात्रभर ती उष्णता आमच्या अंगावर सोडायचा. दुसऱ्या उन्हाळ्यात तर मला दिवस गेलेले. बाळ ऐन मे महिन्यात येणार होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं की या खेपेला उष्णतेपासून जपलं नाही तर दोघांनाही धोका आहे. म्हणजे कूलर हवा. नवऱ्याच्या पगारात कूलर बसत नव्हता आणि खोलीतही बसत नव्हता. तेव्हा मी मोठ्या त्यागी चेहऱ्याने जाहीर केलं की मी माझं टेबल विकते. तो चेहराही आधी तिन्ही आरशांत नीट बघून घेतला होता.

सदरमध्ये एक लिलावाचा हॉल होता. बदली झालेल्या साहेबांचं सामान, जुन्या बंगल्यांतल्या खुर्च्या, कपाटं, सगळं तिथे दर रविवारी विकलं जायचं. नवऱ्याने ओळखीच्या ट्रकवर टेबल पाठवलं. सोबत एक तीन पायांचं स्टूल होतं. त्याचा एक पाय केव्हाच मोडला होता, टेबल हलू नये म्हणून ते नुसतं टेकू दिलेलं.

पहिल्या रविवारी टेबलावर एकही बोली लागली नाही. स्टुलासाठी मात्र दोन माणसं हमरीतुमरीवर आली. नवऱ्याने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मला तो माझ्या माहेरचा अपमान वाटला. मी ठरवलं की पुढच्या रविवारी आपण स्वतः जायचं. सामान कुण्या मोठ्या घरचं आहे हे लोकांना दिसलं पाहिजे. त्यासाठी मी माझी एकुलती एक नायलॉनची साडी काढली आणि शेजारणीचा काळा चष्मा मागून आणला. सातव्या महिन्यातली बाई, नायलॉनची साडी, काळा चष्मा. डोळ्यांसमोर आणून बघा.

तो रविवार नेमका अमावस्येचा. "अमावस्येले कोणी सामान विकाले काढते का वं?" असं म्हणत सासूबाई माझ्या राखणीला सोबत निघाल्या.

हॉलमध्ये मागे भिंतीशी बाकं होती, तिथे आम्ही बसलो. पुढे उंच स्टुलावर लिलाववाला. तिथे कुणी ओरडत नसे. बोली चढवायची तर हात वर करायचा, आणि नेहमीचे व्यापारी तर टोपीला नुसता हात लावायचे. एवढ्या खुणा त्या माणसाला कशा दिसतात याचं मला फार कौतुक वाटलं.

आणि माझं टेबल गेलं. बघता बघता गेलं, मनात धरलेल्या किमतीच्याही वर. घेणारा होता एक सलूनवाला. गेल्या रविवारी तो का आला नव्हता? कारण रविवार म्हणजे त्याच्या धंद्याचा दिवस. आज अमावस्येला दाढी-कटिंगला कोण येतं, म्हणून तो मोकळा होता. गिऱ्हाईक म्हणून मी मनात एखादी नवी नवरी योजून ठेवली होती. आता माझ्या तिन्ही आरशांत गालाला साबण लावलेले पुरुष दिसणार होते. पण कूलर झाला. नवरा आनंदाने सीताबर्डीला गेला, कूलरवाल्याला सांगून यायला. तो परत येईपर्यंत आम्ही तिथेच बसायचं ठरलं.

तेवढ्यात उमरेडहून आमचे मोठे सासरे आले. सासऱ्यांचे थोरले भाऊ, म्हणजे सासूबाईंचे भासरे. त्यांच्याकडे हातमाग होते. सूत रंगवायला त्यांना मोठं भांडं हवं होतं, आणि लिलावात एक जस्ताचा टब होता. कुण्या साहेबाच्या बंगल्यातला, माणूस पाय लांब करून बसेल एवढा. त्यांना अंधुक दिसायचं, आम्ही त्यांना दिसलो नाही. ते पुढे जाऊन बसले आणि टबाची बोली सुरू झाली.

सासूबाईंनी लगेच स्वतःचा पदर डोक्यावर घेतला आणि मला कोपर मारलं. मीही पदर घेतला. लिलाववाला म्हणाला, "पीछे बहनजी."

मोठ्या सासऱ्यांनी हात वर केला आणि मागे कोण आहे ते बघायला वळले. माझा पदर तोवर घसरलेला. नायलॉनच तो.

"पदर घे वं, मोठे मामाजी पाहून राहिले."

मी पदर घेतला. बोली चढली. मोठे सासरे पुन्हा हात वर करून वळले, सासूबाईंचं कोपर पुन्हा बसलं, माझा हात पुन्हा डोक्याकडे गेला. हे किती वेळ चाललं देव जाणे. बहनजी कोण, याचा मी इकडेतिकडे बघून शोधही घेतला. बाई मोठी हट्टी दिसते, असं माझ्या मनात आलं, आणि थोडा आदरही वाटला.

शेवटी मोठे सासरे डोळे बारीक करून वळले. सासूबाईंना त्यांनी ओळखलं. मग त्यांची नजर माझ्या पोटाकडे गेली आणि त्यांनी हात खाली घेतला. शेजारच्या माणसाला म्हणाले, "राहू द्या. आमची सूनच हाय. दोन जिवाची पोरगी, तिले पाहिजे असन."

"एक बार, दो बार," आणि लाकडी हातोडी लिलाववाल्याच्या मेजावर पडली. टब माझा झाला. कूलर त्यातच बुडाला.

आता सासूबाईंनी खरं सांगायचं की नाही? मोठ्या सासऱ्यांनी त्यांना विचारलं, तर त्या खाली मान घालून शांतपणे म्हणाल्या की हो, सुनेसाठीच घ्यायला आलो होतो. भासऱ्यांसमोर चूक कबूल करण्यापेक्षा त्यांना टब परवडला. नवरा सीताबर्डीहून आला तेव्हा आम्ही दोघी हॉलच्या बाहेर टबाशेजारी उभ्या होतो. त्याने टब एका बाजूने उचलून बघितला. एसटीच्या टपावर टब चढवताना कंडक्टरने त्याला बरंच काही विचारलं.

टेबलाच्या जागी टब बसला. पहाटे नळ आला की आम्ही तो भरायचो आणि त्यात वाळ्याची जुडी टाकायचो. दुपारी मी साडीसकट आत. बाहेर फुफाटा आणि मी गळ्यापर्यंत गार. त्या उन्हाळ्यात मला एकदाही चक्कर आली नाही. सासूबाई पहिले काही दिवस नाक मुरडत होत्या. मग तांदूळ निवडता निवडता त्यांनी एक पाय पाण्यात सोडला, मग दुसरा.

एका दुपारी पाण्यातच कळा सुरू झाल्या. मी म्हटलं, अजून जरा वेळ बसते, बाहेर फार ऊन आहे.

"ऊठ वं," सासूबाई म्हणाल्या. "लेकराले काय टबातच जन्माले घालतं?"

मुलगा झाला, गुटगुटीत. त्याला घेऊन घरी आले ती थेट टबाकडे निघाले. सासूबाईंनी वाट अडवली. बाळंतिणीला गार पाण्याचा स्पर्शही नको, तिला शेक हवा. मग मी मे महिन्यात बाजेवर, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, कानाला घट्ट रुमाल. आणि समोर टबात, नऊवारीसकट, डोळे मिटून, सासूबाई.