बुटक्या पायरीची बस

परवा सोमवारी सकाळी, भोईवाड्याच्या थांब्यावर, एका कोळणीवर अन्याय झाला. सरकारने संशोधन करून बुटक्या पायरीची बस बनवली आहे, तिची त्या दिवशी चाचणी होती. संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं वाटायची सोडून मीही रांगेत घुसलो.

माझ्यापुढे ती होती. रोज मासळीची टोपली डोक्यावर घेऊन दादरपर्यंत चालत जाणारी. तिने कासोटा खोचला, डोक्यावरच्या टोपलीला हातही न लावता पायरी चढली आणि ओरडली, "अगो बाय, गुडघा दुखला नाय!" तिच्यामागोमाग आम्हीही चढलो आणि टाळ्याच वाजवल्या!

तेवढ्यात चाचणीचे साहेब आले. "टोपली घेऊन उतरा. नव्या गाडीला वास लागेल."

ती खो-खो हसली. "मग पायरी कोनासाठी खाली आणलीस रे? मोकल्या हातांची मानसं उंच पायरी पन चढतात!"

साहेबांनी तिला उतरवलंच. मग अख्खी रांग उतरली, आणि सरकारची नवी बस रिकामी गेली!

येत्या सोमवारी ती बस पुन्हा येणार आहे. वाचकहो, असेल ते ओझं घेऊन थांब्यावर या, त्या बाईला सगळ्यांत पुढे उभं करा आणि ती टोपलीसकट चढेपर्यंत कोणीही पाऊल वर टाकू नका.