फिलूमावशीच्या शेळ्या

शेळीचं दूध काढताना फिलूमावशी कुणाशी बोलत नसे. निर्मळ गावात आम्ही फ्लॅट घेतला, तेव्हा शेजारच्या वाडीत दुधाची चौकशी करायला गेले, तर ही बाई शेळीच्या कुशीला डोकं टेकवून रोझरीचा जप पुटपुटतेय. मला हनुवटीनेच "बस" म्हणाली. काम संपल्यावर हसून म्हणाली, "आता बोल. मघाशी एक मारियामाय नि दुसरी ही लिली. तिसरीला जागा नव्हती."

मुलगा विरारला. इथे ती, कौलारू घर आणि चार शेळ्या. ओला पाला ती कधी घालत नसे. "पोट फुगते त्यांचं. आपन ओले कपडे घालून बसतो काय?" बोकड मोठे झाले की विके, त्या दिवशी चूल पेटवत नसे. मी एकदा विचारलं, तर शांतपणे म्हणाली, "दूध हवं तर पिल्लं होनार, त्यात बोकड होनार. मला काय सुख वाटते काय?"

एका पावसाळ्यात ती गोठ्यापाशी घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. अॅम्ब्युलन्समध्ये चढवताना तिने माझा हात घट्ट धरला. "माझं हाड जोडतील गो. पन आज दूध काढलं नाय, तर त्यांच्या आचळांना सूज येल."

संध्याकाळी मी चरवी घेऊन बसले. लिलीने पहिल्याच लाथेत चरवी उडवली. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सावंतकाका शिंगं धरायला आले होते. याच शेळ्यांनी जास्वंद खाल्ली म्हणून ते पूर्वी मावशीशी कडाकडा भांडले होते. आचळं दगडासारखी टणक झालेली, आणि शेळी हात लावू देईना. शेवटी मी दांडीवरचं मावशीचं वापरातलं लुगडं ओढलं, अंगाभोवती गुंडाळलं आणि तिच्यासारखंच कुशीला डोकं टेकवलं. लिलीने पदर हुंगला. मला रोझरी येत नव्हती. मी रामरक्षा म्हणायला लागले. हळूहळू तिचे पाय स्थिर झाले आणि चरवीत धार वाजली. सावंतकाकांनी शिंगं सोडून डोळे पुसले.

हॉस्पिटलात हे सांगितलं तर मावशी कळ येईपर्यंत हसली. "चालते गो. तिला गुनगुन पायजे, बस्स."

ती वॉकर घेऊन घरी आली, पण तिला धार काढायला खाली बसता येईना. "मम्मी, आता पुरे कर," मुलगा म्हणाला. काही दिवसांनी मावशी मला म्हणाली, "अर्नाळ्याची एक कोळीण शेळ्या मागते. आधी तिची जागा बघायची."

आम्ही रिक्षाने गेलो. मावशीने गोठ्याच्या जमिनीला हात लावून ओल पाहिली, मग त्या बाईची नखं कापलेली आहेत का ते पाहिलं. "देते," म्हणाली.

टेम्पो आला त्या दिवशी ती हट्टाने ड्रायव्हरशेजारी बसून गेली. मीही गेले. चारही शेळ्या नव्या खुंटांना बांधल्या. मावशीने आपलं लुगडं त्या बाईच्या हातात दिलं. "पैले थोडे दिवस हे गुंडाळ. घाई करू नको." मग प्रत्येकीच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला आणि वळली. मागून लिली ओरडत राहिली. मावशीने वॉकर थांबवला नाही.

घरी आल्यावर ओट्यावर बराच वेळ बसली. अंधारून आलं तेव्हा म्हणाली, "तुझ्याकडे पिशवीचं दूध असते ना? चहा आन बघू."

मी आणला. तिने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"पानीच आहे," ती म्हणाली आणि कप रिकामा होईपर्यंत पीत राहिली.