सगळ्यात मोठा हेवीवेट कोण?

हाताला पट्ट्या गुंडाळल्या की मोबाईल धरता येत नाही. मग माणूस बोलतो. आमच्या बॉक्सिंग क्लबात किस्से साठतात ते असे.

मी तिथे गेलो शुगरमुळे. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मी राहतो केबिन रोडला. तिथे चालायला जागा असती तर या वयात ठोसे मारायला कशाला गेलो असतो? शिकवायला काशीगावचे म्हात्रे सर, वय पासष्ट. आणि विषय कायम एकच : सगळ्या जमान्यांतला सगळ्यात मोठा हेवीवेट चॅम्पियन कोण? उत्तर अजून मिळालेलं नाही, कारण आमच्यात कुणाचा कशावरच विश्वास नाही.

*

क्लबच्या भिंतीवर ब्लॅक अँड व्हाइट काळातल्या एका चॅम्पियनचा फोटो आहे. मुठी नारळाएवढ्या. पालीचा डॉमनिक, ज्याची स्वतःची मासेमारीची बोट आहे, तो महिनाभर त्या फोटोकडे बघत होता. एक दिवस म्हणाला, "ह्यात गडबड हाय."

"कसली?"

"आम्ही मोठा मासा मिळाला का हात लांब करून कॅमेऱ्याजवळ धरतो. पाच किलोचा पंधरा किलोचा दिसतो. ह्याने पन मुठी तशाच पुढं धरल्यात."

तेव्हापासून मलाही तो माणूस बारीक दिसतो.

*

शाहभाई स्टीलच्या भांड्यांचे व्यापारी. त्यांना जुन्या चॅम्पियनच्या वेगावरच शंका. ते मोबाईलवर एक जुनी मॅच लावून, शेजारी घड्याळ ठेवून बसले.

"देखो, तीन मिनट का राउंड सवा दो मिनट में खतम. बॉक्सर फास्ट नहीं है, रील फास्ट है."

सर म्हणाले, "पळू दे रील. मार खाणाऱ्याला तेवढाच लागला ना?"

शाहभाईंचा संशय गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सर आमच्याकडून करून घेतात तो राउंड मोजला. तीन मिनिटं म्हणून सांगितलेला राउंड पावणेचार मिनिटांचा निघाला.

सरांना विचारलं तर म्हणाले, "तुमची रील स्लो असेल."

*

आत्ताचे चॅम्पियन म्हणजे डोंगर. डॉमनिकचं म्हणणं, "एवढा मानूस नुसत्या भात-माशावर होत न्हाय. कायतरी घेतात."

वजनावरून विषय निघाला म्हणून मी अभिमानाने सांगितलं की इथे आल्यापासून माझं चार किलो उतरलं. रोज क्लबच्या काट्यावर बघत होतो ना. पण डॉमनिकने असं काही बघितलं की मलाच शंका आली. जाऊन डॉक्टरांच्या काट्यावर उभा राहिलो. एक किलोसुद्धा उतरलं नव्हतं.

सरांना गाठलं. त्यांनी लपवलं नाही. "काटा मीच दर महिन्याला थोडा थोडा मागे करतो. वजन उतरलेलं दिसलं की माणूस टिकतो."

"सर, ही फसवणूक झाली."

"किती महिने येताय?"

"आठ."

"मग?"

*

डॉमनिकच्या मुलीने एकदा लॅपटॉपवर जुन्या आणि नव्या चॅम्पियनची मॅच लावली. जुना सहाव्या राउंडला पडला. परत लावली, परत पडला. शाहभाई म्हणाले, "गेम आज के लोगों ने बनाया है. और क्या होगा?"

सरांनी चष्मा लावला. "ह्यात त्याचं वय काय टाकलंयस?"

मुलीने त्याचं खरं जन्मसाल टाकलं होतं. हिशोब गेमनेच केला होता. वय एकशे दहा.

डॉमनिक म्हणाला, "आनि तरी सहा राउंड टिकला?"

*

गेल्या रविवारी सकाळी एक म्हातारे गृहस्थ लेकीचा हात धरून जिना चढून आले. सव्वासहा फूट उंची, हातात काठी. त्यांना बघताच सर उभे राहिले. "साळुंखे?"

हे साळुंखे एके काळी राज्याचे हेवीवेट चॅम्पियन. चहा देता देता शाहभाईंनी त्यांनाही विचारलं, "सबसे बडा हेवीवेट कौन?"

साळुंख्यांनी काठीने सरांकडे दाखवलं. "सगळ्या जगाचं मला माहीत नाही. मला आयुष्यात एकदाच कुणी खाली पाडलं. फायनलला. ह्याने."

आम्ही सरांकडे बघत राहिलो. ह्या माणसाने आम्हाला हे कधीच सांगितलं नव्हतं. त्यांना कुठल्याशा मेडलवर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली, तीस वर्षं त्यावर घर चाललं, एवढंच माहीत होतं.

सर खुश झालेले दिसेनात. त्यांनी स्टूल ओढलं आणि साळुंख्यांच्या अगदी समोर बसले.

"साळुंखे, आज तरी खरं सांग. माझा पंच तुला लागलाच नव्हता."

"लागला होता."

"मला हाताला कळलं असतं. कुठं लागला?"

साळुंख्यांनी डाव्या गालावर हात ठेवला. "इथं."

सरांनी स्वतःची डावी मूठ वर धरली. "मी ह्या हाताने मारला होता. समोरच्याच्या उजव्या गालावर जातो तो."

लेक वडलांकडे बघायला लागली.

साळुंख्यांनी चहाचा एक घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि हात शांतपणे उजव्या गालावर नेला.

"मग इथं," ते म्हणाले.