साबेराबीची बाई कशी झाली

साबेराचा मला राग यायचा, आणि तो तिच्या चांगुलपणाचा यायचा. बसमध्ये कुणी तिच्या पायावर पाय दिला तर हीच म्हणणार, माझाच पाय मध्ये आला हो. अशा बाईशी मैत्री करायची म्हणजे तिच्या वाटणीचं भांडणही आपणच भांडायचं. ते मी हौसेनं करत आले. फक्त एकदा माझं भांडण काही कामाला आलं नाही, आणि ते आठवलं की अजून माझ्या अंगाची आग होते.

आम्ही दोघी सोलापुरात महापालिकेच्या एकाच मराठी शाळेत शिक्षिका होतो. मी गोजरा, माढ्याकडची, धनगराची. ती मैंदर्गीच्या हुसेनसाब पिंजाऱ्याची मुलगी. गाद्यांचा कापूस पिंजत गावोगाव फिरणाऱ्या त्या माणसानं एकुलत्या एका पोरीला सोलापुरात ठेवून बी.ए. केलं आणि मग तो वारला. साबेराचं लग्न झालं नाही. एवढी शिकलेली बायको पेलणारा जमातीत कुणी सापडेना, आणि न पेलणारा तिला नको होता. बेगम पेठेत दोन खोल्यांत ती आणि तिची आई सुगराबी राहायच्या. घरात दखनी, शाळेत मराठी. आणि गावाकडची कन्नड तर अशी, की डोळे मिटून ऐकलं तर अक्कलकोटच्या एखाद्या शेटजींची सून बोलतेय असं वाटावं.

सत्तर सालची गोष्ट. शहरातल्या लिंगायत व्यापाऱ्यांच्या बायकांचं एक भगिनी मंडळ होतं आणि त्यांचं कॉलेजच्या मुलींसाठी वसतिगृह होतं. खेड्यातून आलेल्या पोरी पहिल्याच वर्षी इंग्रजीत गटांगळ्या खायच्या. नापास झाली की बाप येऊन घेऊन जायचा. मग मंडळानं असं काढलं, की प्रत्येक मुलीला शहरातली एक अक्का द्यायची. अक्का म्हणजे थोरली बहीण. अभ्यास, अर्ज-विनंत्या, प्राध्यापकांशी कसं बोलायचं, रस्त्यातल्या टवाळ पोरांचं काय करायचं, घरची आठवण आली तर कुणाजवळ रडायचं, हे सगळं अक्कानं बघायचं. मंडळातल्या बायकांकडे वेळ होता, दागिने होते, शिक्षण तेवढं बेताचं होतं. म्हणून पेपरात निवेदन आलं, ‘शिकलेल्या भगिनींनी जातपात न पाहता पुढे यावे.’

साबेरानं ते मला वाचून दाखवलं. कॉलेजात असताना ती डबा खायला एकटी जिन्याखाली बसायची. दुसऱ्या कुठल्या पोरीला तसं बसावं लागू नये, एवढंच तिचं म्हणणं. मी म्हटलं, “जातपात बघत नाही असं ज्यांना छापावं लागतं, ते बघतातच.” ती नुसती हसली आणि दुसऱ्या दिवशी वसतिगृहात जाऊन उभी राहिली.

मंडळाच्या अध्यक्षीण सुंदरम्मा. घरचं कापडाचं मोठं दुकान, आणि गोड बोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्यांनी मुलींना ओळख करून दिली, “ह्या साबेराबाई.” सगळे तिला साबेराबी म्हणायचे. म्हातारीची जीभ घसरली असेल, असं साबेराला वाटलं. आठवड्याभरात त्यातलं साबेरा गळालं आणि नुसतं बाई राहिलं. बाकीच्या सगळ्या अक्का, सुंदरम्मा अक्का, गिरिजा अक्का. हिच्यापुरतं बाई.

मी टोकलं. ती म्हणाली, “अगं, शाळेत दिवसभर मला बाईच म्हणतात की. बाई म्हणजे शिक्षिका.”

“बाई म्हणजे भांडी घासणारीसुद्धा,” मी म्हटलं.

आम्हा दोघींचाही अंदाज चुकला होता. ते कळायला तीन वर्षं गेली.

त्या तीन वर्षांत साबेरा शाळा सुटली की तडक वसतिगृहात जायची. तिच्याकडे ज्या मुली दिल्या होत्या त्यांतली सिद्धम्मा तिचा जीव की प्राण. अक्कलकोट तालुक्यातल्या एका किराणा दुकानदाराची ही थोरली मुलगी. आली तेव्हा मराठीत बोलतानाही घाम फुटायचा तिला. साबेरा सगळं आधी कन्नडमधून समजावायची, मग मराठीतून, मग इंग्रजीतून. दुसऱ्या वर्षाला पोरगी कॉलेजात दुसरी आली. बी.ए. झालं की बी.एड. करायचं आणि मास्तरीण व्हायचं, हे दोघींनी मिळून ठरवून टाकलं होतं.

बहात्तरला पाऊस पडलाच नाही. त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत वसतिगृहाची विहीर तळाला गेली. रेशनच्या लाल मिलोच्या, त्या अमेरिकन ज्वारीच्या भाकरी पोरी नाक मुरडत खायच्या, पण त्या थापायलाही पाणी पुरेना. मंडळानं सांगून टाकलं, मार्चपासून वसतिगृह बंद, मुलींनी आपापली सोय बघावी. आणि परीक्षा तर एप्रिलात.

कुणाचा मामा शहरात होता, कुणाची आत्या. सिद्धम्माचं कुणी नव्हतं. घरी जायचं म्हणजे तिचं शिक्षण संपलंच, कारण दुधनीचं एक स्थळ दारात येऊन बसलं होतं. दुष्काळ आहे, मानपान नको, चार माणसांत उरकून टाकू, असं ते म्हणत होते. एवढ्यात भागणारं लग्न कोणता बाप सोडेल? तरी तिचे वडील चनबसप्पा भला माणूस. त्यांनी निरोप धाडला, पोरीला परीक्षेपर्यंत चांगल्या घरी ठेवणारं कुणी असेल तर सोयऱ्यांना थांबायला सांगतो. सिद्धम्मानं उलट कळवलं, बाईंच्या घरी राहते. बाईंचं कौतुक तिनं घरी इतकं केलं होतं की चनबसप्पा लगेच हो म्हणाले.

बेगम पेठेत सुगराबीनं नवा स्टोव्ह आणला, नवी पातेली आणली. परीक्षा होईपर्यंत घरात मटण शिजणार नाही असं जाहीर केलं. “लिंगायतां की बच्ची है, उसके वास्ते अलग पकातूं मैं,” असं ती मला दोनदोनदा सांगत होती. मांडणीचा एक कप्पा पुस्तकांसाठी रिकामा करून ठेवला. मला ते बघून बरं वाटलं, हे मी नाकारत नाही.

चनबसप्पा पोरीला सोपवायला आले त्या दिवशी साबेरानं मलाही बरोबर नेलं. वसतिगृहाच्या दिवाणखान्यात सुंदरम्मा, गिरिजाबाई आणि मंडळाच्या आणखी काही बायका बसल्या होत्या. सिद्धम्मा ट्रंक आणि वळकटी घेऊन तयार होती. पांढरा फेटा, कपाळावर भस्म, असे चनबसप्पा उठले आणि त्यांनी साबेराला हात जोडले.

“बाई, तुमी माज्या पोरीला माणसात आणलं की.”

मग दोघं कन्नडमध्ये शिरली. मैंदर्गीचं तळं आटलं, अक्कलकोटला टँकर येतो का, अशा गप्पा झाल्या. गृहस्थ अगदी खुलले. बोलता बोलता त्यांनी सहज विचारलं, “निम्म मनेतन यावुदु?” तुमचं घराणं कोणतं?

साबेरा त्यांच्याकडे बघतच राहिली. प्रश्न तिला कळला होता. पोरीला तीन वर्षं शिकवल्यावर तो विचारायचा कसा राहिला, हे तिला कळेना.

सुंदरम्मा घाईनं मध्ये पडल्या. “अहो, आमच्या बाई आहेत. तुमच्या अक्कलकोटकडच्याच.”

“मग नम्मवरे!” चनबसप्पा म्हणाले. आपल्यातल्याच! सुंदरम्मा हसल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. सिद्धम्मा मान खाली घालून पदराचं टोक पिळत होती. एकदाच तिनं मान वर केली आणि साबेराकडे असं बघितलं, की गप्प बसा हे तिला तोंडानं सांगावं लागलं नाही.

तिथं मला लख्ख कळलं, आणि साबेरालाही कळलं. बीची बाई जीभ घसरून झाली नव्हती. ती शिक्षिकेतली बाई नव्हती आणि भांडी घासणारीही नव्हती. आईबापांना ऐकवता येईल असं एक नाव मंडळाला हवं होतं, ते त्यांनी तिच्यावर घातलं होतं, आणि ती तीन वर्षं ते अंगावर घेऊन हसत हिंडत होती.

“माझं नाव साबेरा,” ती कन्नडमध्येच म्हणाली. “मैंदर्गीच्या हुसेनसाब पिंजाऱ्याची मुलगी.”

चनबसप्पांचा चेहरा आधी उजळला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. “हुसेनसाब? आमच्या घरच्या समद्या गाद्या त्यांच्या हातच्या हायत की! लई सज्जन माणूस.” मग तो उजेड हळूहळू उतरला. ते खाली बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला.

“रागावू नका बाई,” ते म्हणाले. “तुमी खरं बोललात, तुमचा मोठेपणा. पण सोयऱ्यांना कळलं तर मी काय सांगू? गावात तोंड दावायचं हाय मला.”

मी म्हटलं, “माझ्या घरी ठेवा तिला.” माझ्या दोन खोल्यांत दुष्काळानं आलेले दीर-जावा पाय पसरायला जागा नाही असे राहत होते, तरी म्हटलं. त्यांनी अदबीनं माझंही घराणं विचारलं. मी सांगितलं.

“तुमच्यात कोंबडं-बकरं चालतं की,” ते तितक्याच अदबीनं म्हणाले.

मग ते सुंदरम्माकडे वळले. “अक्का, तुमच्याकडं ठिवा की. तुमच्या घरी ऱ्हायली तर मला लग्नाची घाई न्हाय.”

माणूस वाईट नव्हता हो. त्यानं दार उघडं ठेवलं होतं. आता मंडळातल्या कुणीही एक शब्द बोलायचा होता. सुंदरम्मांच्या थोरल्या सुनेचं बाळंतपण निघालं. गिरिजाबाईंच्या घरी पाण्याचे हाल निघाले. अंगणात स्वतःची विहीर असलेल्या गिरिजाबाईंच्या घरी! बाकीच्या अक्का खिडकीबाहेर बघू लागल्या, जशी काय बाहेर मिरवणूकच चालली होती. एकेकीच्या घराला माड्या होत्या आणि त्या माड्यांवर उन्हाळाभर पापड वाळत पडायचे.

चनबसप्पा थोडा वेळ थांबले. मग “बरं हाय” म्हणून त्यांनी ट्रंक उचलली.

ते टांगा बघायला बाहेर गेले तशा सुंदरम्मा साबेराला म्हणाल्या, “एवढं खरं बोलायची काय गरज होती बाई? पोरीचं वाटोळं झालं की.” आवाज तोच, साखरेचा.

मी तोंड सोडलं. वाटोळं कुणी केलं, जिनं नाव सांगितलं तिनं, की जिनं लपवलं तिनं? तुमच्या कुणाच्या घरात एका पोरीपुरती सतरंजी नव्हती का? मला आठवलं तेवढं सगळं मी बोलले. सुंदरम्मांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, चहा घेणार का.

बाहेर टांग्याशी साबेरा सिद्धम्माची वळकटी नीट लावून देत होती. चनबसप्पा पुढं टांगेवाल्याशी बोलत होते. पोरगी रडत नव्हती. डोळे कोरडे आणि तोंड लाल झालेलं.

“परीक्षेपतोर गप बसला असता तर काय झालं असतं?” ती म्हणाली.

“वडील घरी आले असते भेटायला, सिद्धू.”

“आले असते तवा बघितलं असतं. मी तीन वर्षं घरी खोटं बोलले तुमच्यासाठी. तुमचं नाव कदी काढलं न्हाय. तुमाला एक दिवस जमलं न्हाय?” मग आवाज खाली घेऊन म्हणाली, “तुमचं नाव तुमाला माज्यापेक्षा मोठं झालं, बाई.”

माझा हात वर गेला होता, साबेरानं तो धरला. टांगा निघाला. चनबसप्पांनी जाताना पुन्हा एकदा हात जोडले.

मी तिला बेगम पेठेपर्यंत सोडायला गेले. दाराशी आल्यावर ती म्हणाली, “तिचे वडील घरी आले असते तेव्हा अम्मीला मी काय म्हणून हाक मारली असती? नमाज कुठं लपवली असती?” मी म्हटलं, तेच तर, तुझं काहीच चुकलं नाही. त्यावर ती चपला काढू लागली, मला वाटलं पटलं. मग म्हणाली, “जमलं असतं गं, गोजरा. माणूस एवढ्या दिवसांपुरतं काय काय जमवतो.” आत सुगराबी पुस्तकांच्या कप्प्यावरची धूळ पुन्हा पुसत होती. तिला सांगायचं काम साबेरानं माझ्यावर टाकलं.

मार्चमध्येच सिद्धम्माचं लग्न झालं. दुधनीचा मुलगा मॅट्रिक होता आणि बापाच्या अडतीवर बसायचा. चार माणसांतच उरकलं म्हणतात. मंडळानं पुढच्या वर्षापासून अक्का फक्त समाजातल्याच घ्यायच्या असं ठरवलं, कारण बाहेरच्यांना मुलींचं हित कळत नाही.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी साबेरा शाळेत आली नाही. सकाळची शाळा सुटल्यावर मी थेट कॉलेजवर गेले. ती फाटकासमोर लिंबाखाली उभी होती. लग्न झालं म्हणून काय झालं, अर्ज तर भरलेला आहे, नवरा शहाणा असेल तर घेऊन येईल, असं काहीतरी तिनं मनाशी धरलं होतं. येणाऱ्या प्रत्येक टांग्यात ती वाकून बघत होती म्हणे. पेपर सुटला. पोरी बाहेर आल्या, त्यांत वसतिगृहातली गंगम्मा होती. ती मामाकडे राहून परीक्षा देत होती. साबेराला बघून ती घुटमळली, मग जवळ येऊन आपली प्रश्नपत्रिका तिच्या हातात देऊन निघून गेली.

साबेरानं ती उन्हात उभी राहून वाचली. मला सगळ्या जगाचा संताप आला होता, त्यात साबेरा होती, ती पोरगीही होती, आणि काय करावं हे मला सुचत नव्हतं. मी म्हटलं, “चल आता, ऊन फार आहे.”

“आम्ही केलेलेच प्रश्न आलेत गं,” ती म्हणाली. “तिला सगळं आलं असतं.”