वाणात दिलेली लिनक्सची सीडी

मंडळी, यंदा इथे बालाघाटात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी प्लास्टिकच्या डब्यांऐवजी लिनक्सच्या, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणाऱ्या मोफत प्रणालीच्या, सीडी वाण म्हणून दिल्या. तेव्हापासून सासूबाई फुगून बसल्या होत्या.

आज दुपारी शेजारच्या निमाकाकू आल्या, चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा करून.

"रागावू नको वं, तू देलेलं वाण मी मलाजखंडच्या बहिणीले देऊन टाकलं. तिचा व्हायरसनं बंद पडलेला कॉम्प्युटर त्या सीडीनं चालू झाला. तं तिनं दहा कॉप्या काढून आपल्या हळदीकुंकवात वाटल्या."

मी त्यांना मिठीच मारली. "काकू, ही सीडी कॉपी करून वाटायसाठीच असते!"

आतून सासूबाई म्हणाल्या, "उरल्या असतील तं मलेही दे चार."

बालाघाटवाल्यांनो, रथसप्तमीला अजून पाच दिवस आहेत. तुमच्या घरी हळदीकुंकू कधी?