मागची फिल्म

डॉ. वर्तकबाई रुग्णाची नवी फिल्म कधी नुसती पाहत नसत. आधी मागची मागवत. ती मिळेपर्यंत रिपोर्ट अडला तरी चालेल. "एका फोटोवरून माणसाचा निकाल द्यायचा नसतो रे," म्हणत. मग दोन्ही फिल्म दिव्याच्या पेटीवर शेजारी लावून, चष्मा कपाळावर सरकवून, पेटीला नाक लागेल इतक्या जवळून पाहत.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. मुंबईच्या एका इस्पितळात हाडांचे स्कॅन होत, तिथे त्या डॉक्टर आणि मी टेक्निशियन. दोघेही पनवेलचे, त्यामुळे येणंजाणं एकाच एस.टी.नं. सकाळी रुग्णाला किरणोत्सारी औषध टोचायचं, तीन तास थांबवायचं आणि मग कॅमेऱ्याखाली निजवायचं. कॅन्सर हाडात उतरला असेल तर तिथे काळा डाग उठे. पण झिजलेल्या मणक्यावर, मोडलेल्या बरगडीवरही तसाच डाग उठे. "डाग फक्त 'इथे काहीतरी आहे' एवढंच सांगतो. काय आहे ते आपण शोधायचं," बाई मला शिकवत.

धर्माकाका उरण रस्त्यावरच्या एका गावचे. सगळं आयुष्य मिठागरात गेलेलं. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला म्हणून स्कॅनला आले. कमरेच्या एका मणक्यावर डाग होता. पहिलाच स्कॅन, त्यामुळे शेजारी लावायला मागची फिल्म नव्हती. बाईंनी विचारलं, "ओझी वाहिलीत का कधी?"

"चाळीस वर्सं मिठाच्या टोपल्या व्हायल्या, बाय."

बाई हसल्या. झिजेचा डाग, असा रिपोर्ट गेला.

चार महिन्यांनी काका पुन्हा आले. दोन्ही फिल्म शेजारी लागल्या. मणक्यावरचा डाग पसरला होता, बरगड्यांवर दोन नवे उठले होते. बाईंनी पहिली फिल्म पुन्हा जवळून पाहिली. मग म्हणाल्या, "तेव्हा त्या मणक्याचा एक्स-रे मागवायला हवा होता. मला खात्री वाटली, म्हणून नाही मागवला."

त्या संध्याकाळी पनवेल स्टँडवर उतरून त्या घरी गेल्या नाहीत. मला घेऊन उरणची गाडी पकडली. काका ओटीवर बसले होते. काकूंनी पाणी आणलं. बाईंनी पेला हातातच धरून ठेवला.

"काका, कॅन्सर हाडात गेलाय. मागच्या वेळीही तो तिथे असणार. मी झीज म्हणाले. माझी चूक झाली."

काकू आत निघून गेल्या. काका म्हणाले, "मदी पोरीचं लगीन झालं, बाय. ते चार म्हयने मी निवांत व्हतो."

"त्या चार महिन्यांत औषध सुरू झालं असतं," बाई म्हणाल्या. त्यांना तशी सुटका नको होती.

पुढे काकांच्या प्रत्येक तपासणीला बाई स्वतः सोबत थांबल्या. औषध लागू पडलं. काका अडीच वर्षं जगले. शेवटचे तीन महिने सोडले, तर मिठागराच्या बांधावर चक्करही मारत.

ते गेल्याचं कळल्यावर आम्ही भेटायला गेलो. बाई दाराशीच घुटमळल्या. काकूंनी हात धरून त्यांना आत नेलं, शेजारी बसवलं.

"तवा तुमचा जाम राग आला व्हता," काकू म्हणाल्या. "पन मंग कोनी डाक्तर काय पन बोलला, की हे इचारायचे, 'बायना दाखवलं का? बाय खरं सांगल.'"

बाईंनी पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना प्रथमच पाहत होतो. काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.